आधी आवृत्ती ऐका, मग माउस हलवा

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातला लिबरऑफिसचा एखादा जुना मराठी धडा लावला, की सुरुवातीलाच निवेदनात येतं: इथे उबुंटू लिनक्स 10.04 आणि लिबरऑफिस 3.3.4 वापरलं आहे. भिंगारमधल्या आमच्या क्लासची मुलं हे वाक्य हमखास पुढे ढकलतात. मी व्हिडिओ मागे नेऊन ते पुन्हा ऐकवतो.

कारण लगेच ॲप्लिकेशन्स मेनू उघडून ऑफिस निवडायला सांगितलेलं असतं, आणि मुलांच्या पडद्यावर तो मेनूच नसतो. 10.04 ही एप्रिल 2010 ची आवृत्ती. वर्षभरातच, 11.04 मध्ये, उबुंटूने पडद्याची मांडणी बदलली. ज्याने आवृत्ती ऐकली त्याला कळतं की धडा जुना आहे. ज्याने ऐकली नाही त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. असं दोन-तीनदा झालं, की नवशिकं मूल खुर्चीवरून उठतं आणि पुन्हा सहजी बसत नाही.

मग जुने धडे काढून नवे का करत नाहीत? याचं उत्तर धडा घडतो कसा यात आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांच्या धड्याची आधी संहिता होते. ती तपासली जाते, एखाद्या नवख्याकडून करून पाहिली जाते, मग इंग्रजीत चित्रण. मराठी संहितेला दोन रकाने असतात, एकात वेळ, दुसऱ्यात निवेदन. पडद्यावरचं चित्र तेच राहतं, आवाज तेवढा मराठी. त्यामुळे बाण बटणावर पोहोचण्याआधी मराठी वाक्य संपवावं लागतं, आणि आपली क्रियापदं तर शेवटी येतात! आता सॉफ्टवेअरमध्ये ते बटण सरकलं, तर मूळ चित्रण पुन्हा करा, वेळा पुन्हा लावा, आणि धडा जितक्या भारतीय भाषांत गेलाय तितक्या भाषांत पुन्हा आवाज द्या.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या धड्यांबाबत प्रकल्पाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. जुनी मालिका ‘पायथन ओल्ड व्हर्जन’ या नावाने तशीच ठेवली आणि नवी ‘पायथन 3.4.3’ म्हणून वेगळी केली. आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात प्रत्येक रणगाड्यापुढे त्याची माहिती लिहिलेली असते, म्हणून जुना रणगाडा आजचा समजून कुणी फसत नाही, तसंच हे. पायथन 3.4 चा आधारही मार्च 2019 मध्ये संपला. पण आकडा नावातच असल्यामुळे धडा कुणाची दिशाभूल करत नाही.

शिवाय जुना धडा सगळ्यांसाठी जुना नसतो. उबुंटूने 17.10 पासून 32-बिट संगणकांसाठी डेस्कटॉप आवृत्तीची इन्स्टॉल फाइल देणं थांबवलं. अशा यंत्रावर जुनीच आवृत्ती चालते, आणि त्यावर शिकणाऱ्याला तिचीच माहिती लागते. ती पुसून टाकली तर त्याने जायचं कुठे?

इंटरनेटभर विखुरलेल्या जुन्या पाठांना मात्र पाटी कोण लावणार? पायथन 2 मध्ये प्रिंटनंतर कंस लागत नव्हता, 3 मध्ये लागतो. जुना पाठ बघून शिकणारे तिथेच अडकत, आणि उत्तर काय, तर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’. शेवटी पायथन घडवणाऱ्यांपैकी निक कॉगलन यांनी भाषेतच सोय केली. 2014 मधल्या 3.4.2 पासून पायथन सरळ सांगतो की प्रिंटचा कंस राहिलाय. पुढे तर दुरुस्त ओळ कशी हवी, तेही तो सुचवू लागला. चूक करणाऱ्याने कोणता जुना पाठ वाचला असेल, हे ओळखून लिहिलेला तो संदेश आहे. अशी आस्था मला फार थोड्या मार्गदर्शिकांत दिसली.

आणि काही पाठ जुने होऊनही बिघडत नाहीत. स्पोकन ट्युटोरियलचा सी भाषेचा पहिला धडा उबुंटू 11.10 आणि जीसीसी 4.6.1 या कंपायलरवर केलेला. टॉक डॉट सी नावाची फाइल, पडद्यावर ‘टॉक टू अ टीचर’ ही अक्षरं. आजच्या जीसीसीवर तो प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो. महिरपी कंस विसरला तर येणाऱ्या संदेशाची मांडणी तेवढी बदललीय. नव्या मुलाला मी अजून तोच धडा देतो.