ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करू का? आधी हा हिशोब बघा



आटपाडीसारख्या गावात गाळा घेऊन तुम्ही लग्नाचे व्हिडिओ किंवा घरांचे थ्रीडी व्ह्यू करताय? मग कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: कार्ड ओव्हरक्लॉक केलं तर रेंडर लवकर होईल का?

होईल. पण किती, ते बघा.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कार्डाची चिप जास्त वेगाने पळवणं. आजची कार्डं कंपनीतूनच बरीच ताणलेली येतात. त्यामुळे फायदा बहुतेक वेळा 10 टक्क्यांच्या आतच राहतो. समजा 5 टक्के वेग वाढला, तर 10 तासांच्या रेंडरमध्ये वाचतो सुमारे अर्धा तास. आणि आठव्या तासाला मशीन हँग झालं तर? आठही तास पाण्यात, आणि गिऱ्हाईक दारात!

म्हणून आधी फुकटातली कामं करा:

1. ब्लेंडरमध्ये रेंडर खरंच कार्डावर चाललंय का ते तपासा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर प्रेफरन्सेसमधल्या सिस्टममध्ये ऑप्टिक्स किंवा कूडा निवडा, आणि सायकल्सच्या रेंडर सेटिंगमध्ये 'जीपीयू कॉम्प्युट' करा. नाहीतर कार्ड बसून राहतं आणि प्रोसेसर राबतो.

2. धूळ काढा, हवा खेळती ठेवा. कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात हा तोटा ओव्हरक्लॉकचा सगळा फायदा खाऊन टाकू शकतो.

3. ॲनिमेशन थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका, पीएनजी फ्रेम काढा. लाइट गेली तरी राहिलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं.

एवढं करूनही वेग हवाच असेल, तर एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कोअर क्लॉक 25-25 मेगाहर्ट्झने वाढवा आणि प्रत्येक वेळी तुमचाच एखादा जुना प्रोजेक्ट रेंडर करून बघा. स्क्रीनवर ठिपके आले किंवा सॉफ्टवेअर बंद पडलं, की मागे या. व्होल्टेजला मात्र हात लावू नका. व्होल्टेज 10 टक्के वाढवलं, तर त्याच वेगाला वीज सुमारे 21 टक्के जास्त लागते, आणि तेवढीच उष्णता वाढते. वॉरंटीच्या अटीही आधी वाचा.

आणि एक लक्षात ठेवा: कार्डाची मेमरी कमी पडत असेल, तर ओव्हरक्लॉकने ती वाढत नाही.

आजचा गृहपाठ: एकच प्रोजेक्ट आधी आणि नंतर रेंडर करा, दोन्ही वेळा वहीत लिहा. फरक मिनिटांत दिसला तरच सेटिंग ठेवा. आणि लग्नसराईत, ऑर्डर हातात असताना, असले प्रयोग अजिबात नकोत. गिऱ्हाईक तुमच्या कार्डाचा वेग बघत नाही, दिलेली तारीख बघतं!