उतारावर दुखणारा गुडघा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेकडचा उरवाईचा रस्ता गाड्यांचा. कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्तींजवळून तो वर चढतो. पूर्वेकडची वाट पायी चालणाऱ्यांची. मॅरेथॉनच्या तयारीसाठी मी एक अख्खा हिवाळा उरवाईने धावत वर गेले आणि धावतच खाली आले. चढताना फक्त दम लागायचा. उतरताना मात्र चार-पाच मिनिटांत गुडघ्याच्या वाटीच्या मागे ठुसठुसायला लागायचं आणि ते दुखणं माझ्याबरोबर घरी यायचं. जिना उतरताना कळ, पंगतीतून उठताना कळ, सिनेमाला पाय दुमडून बसलं की कळ. सूज नाही, कुठे पडल्याचं आठवत नाही, आणि चार महिने झाले तरी दुखणं हटत नाही.

लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये हे फार आढळतं. ते समजून घ्यायला विहिरीवरची कप्पी आठवा. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू हा दोर आणि गुडघ्याची वाटी ही कप्पी. दोर सरळ असेल तर कप्पीवर भार नसतो. तो जितका वळतो तितकी कप्पी दाबली जाते. जमिनीवर पाय पसरून, मांडी सैल सोडून बसा आणि वाटी दोन बोटांनी हलवून पाहा. ती सहज इकडेतिकडे सरकते. आता गुडघा दुमडा. वाटी मांडीच्या हाडाला घट्ट चिकटते. सपाटीवर चालताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भार येतो, जिन्यावर तिपटीहून थोडा अधिक, आणि खोल बैठकीत सातपटीच्याही पुढे. उतारावर धावताना हाच स्नायू ताणला जात असतानाच सगळं शरीर आवरून धरत असतो. तासाभराच्या धावण्यात साधारण दहा हजार पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक गुडघ्याच्या वाट्याला पाच हजार.

एवढा भार पेलणं गुडघ्याला मुळीच अशक्य नाही. अट एकच, भार हळूहळू वाढायला हवा. मी तो एका महिन्यात जवळजवळ दुप्पट केला होता, तोही उतारावर. दुखणं बहुधा इथूनच सुरू होतं. मग आपण महिनाभर पूर्ण विश्रांती घेतो. त्या महिन्यात मांडीची ताकद उतरते, बरं वाटतं म्हणून आपण जुन्याच अंतराने सुरुवात करतो आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लंगडतो. मी हे दोनदा केलं.

विश्रांतीऐवजी माप लागतं, आणि मापासाठी एक आकडा पुरतो. दुखणं शून्य ते दहा यांत किती? धावताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते धावण्याआधीच्या पातळीवर परतलं पाहिजे. परतलं नाही तर पुढचं धावणं कमी करायचं, बंद करायचं नाही. पूर्वेकडच्या वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी ते आहेत. मी माझा आकडा त्या मंदिरापाशी थांबून मोजू लागले.

दुसरं माप पावलांचं. उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारने गुणा. माझी मिनिटाला १६० पावलं भरली. वेग तोच ठेवून पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की प्रत्येक पाऊल आखूड होतं, टाच शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार उतरतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ साली हे मोजून दाखवलं. १६० ची १७० करताना पहिले चार दिवस दुडक्या चालीने धावल्यासारखं वाटतं. मग अंगवळणी पडतं.

पण खरं काम ताकदीचं, आणि लांब धावणारे ते हमखास टाळतात. आमच्या शहरात शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था आहे. १८५७ च्या लढ्याच्या शताब्दीला, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ती सुरू झाली. तिथे शिकणाऱ्या एका मुलाने मला पायरीवरची परीक्षा दाखवली. आरशासमोर पायरीवर एका पायावर उभं राहायचं आणि दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवायची. माझा गुडघा दर वेळी आत, अंगठ्याच्या बाजूला झुकत होता. म्हणजे खुब्याचे स्नायू कच्चे, आणि त्याची किंमत गुडघा मोजत होता. तीच परीक्षा माझा व्यायाम झाली. सोबत कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं आणि अर्ध्या बैठका, आधी नुसत्या, मग हातात वजन घेऊन. आठवड्यातून तीन दिवस. फरक जाणवायला सहा आठवडे लागले, भरवसा यायला तीन महिने.

लांब धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. ती इशारा दाबून टाकते, आणि आमच्या इथल्या उन्हाळ्यात शरीरातलं पाणी आटलेलं असताना मूत्रपिंडांवर ताण आणते. गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला, रात्री झोपेतही दुखला किंवा जोडीला ताप आला, तर डॉक्टरांकडेच जायचं.

"धावून गुडघे झिजवशील गं," असं आत्या अजून म्हणते. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्याची झीज हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत दिसली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के. आत्याची काळजी खोटी नाही, पण माझ्यासारखीच्या बाबतीत तिने खुर्चीची काळजी जास्त करावी.

उतार मी सगळ्यांत शेवटी परत घेतला. आधी सहा आठवडे मैदानावर, सपाटीला. मग उरवाईने धावत वर आणि पूर्वेच्या वाटेने चालत खाली. त्यानंतर खालचे शेवटचे दोनशे मीटर तेवढे धावत, पुढच्या आठवड्यात चारशे. गेल्या रविवारी चतुर्भुज मंदिरापाशी थांबले तेव्हा आकडा एक होता.