पेढ्याच्या गावातलं डेझर्ट टेबल

ऑर्डर बहुतेक वेळा फोटोनेच येते. व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र: फिकट गुलाबी पडदा, फुग्यांची कमान, मधोमध तीन मजली केक, दोन्ही बाजूंना स्टँडवर मांडलेले कपकेक, मॅकरॉन, केकपॉप आणि क्रीमचे चिमुकले ग्लास. खाली मजकूर: ‘सेम टु सेम पाहिजे. साठ माणसं. किती होतील?’ चित्र कुठल्या देशातलं, कुठल्या हवेतलं, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कार्यक्रम मात्र धारवाडात असतो, मे महिन्यात, दुपारी चार वाजता, पत्र्याच्या मांडवात.

माझी धाकटी जाऊ आठवडाभर शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी हा जोडधंदा करते. मी तिच्या हाताखाली. खोके दुमडणं, ग्लास मोजणं, रिक्षात ट्रे मांडीवर घेऊन खड्डे चुकवण्याबद्दल रिक्षावाल्याच्या विनवण्या करणं, ही माझी खाती. घर सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत, काम सगळं माडीवर. या रस्त्यावर माडीवरून चालणाऱ्या उद्योगांना तशी परंपरा आहे. मनोहर ग्रंथमाला ही 1933 साली सुरू झालेली कन्नड प्रकाशनसंस्था इथलीच, आणि तिचा माळ्यावरचा ‘अट्टा’ कन्नड लेखकांच्या बैठकींसाठी प्रसिद्ध. आमच्या माडीवर साहित्य वेगळ्या अर्थाचं असतं, एवढाच फरक.

खालच्या बाजारात कागदी कप, सोनेरी पुठ्ठे, रिबिनी, सुकामेवा मिळतो. व्हिप क्रीम, चॉकलेटच्या लाद्या आणि साचे घाऊक भावात हवे असतील तर हुबळी गाठावी लागते. वीसेक किलोमीटरचा रस्ता, चिगरी बस. ही बस वातानुकूलित असते, याचं प्रवाशांना कौतुक असेल तेवढं असो, आम्हाला जास्त आहे. थर्माकोलच्या खोक्यात गोठलेल्या क्रीमचे डबे घालून निघालं की घरी पोचेपर्यंत ते दगडासारखे राहतात.

क्रीमवरूनच या धंद्यातले पहिले धडे मिळतात. दुकानात सहज मिळणारी फ्रेश क्रीम असते तिच्यात 25 टक्के स्निग्धांश, आणि तेवढ्यावर ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही. फेटून उभं राहायला 30 टक्के किंवा त्याहून जास्त लागतो. तसं दुधाचं क्रीम चवीला फार छान, पण उन्हाळ्यात अर्ध्या तासात मान टाकतं. म्हणून बहुतेक घरगुती बेकर वनस्पती तेलापासून केलेलं व्हिप वापरतात. ते उष्णतेत जास्त तग धरतं, पण जिभेवर किंचित मेणचट लागतं. जाऊ वर नक्षीपुरतं व्हिप घेते आणि आतल्या थरात दुधाचं. हे तडजोडीचं काम आहे आणि ती ते लपवत नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगते.

इथल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मात्र क्रीमचा नसतोच. मराठी घरातून ‘अंडं नाही ना?’ आणि कन्नड घरातून ‘तत्ती इल्लल्री?’ बारसं असो, पहिला वाढदिवस असो की कुबसाचा, म्हणजे डोहाळजेवणाचा, कार्यक्रम, निम्म्याहून जास्त पाहुणे शाकाहारी आणि आजी-आजोबा पहिल्या रांगेत. एवढ्या एका प्रश्नाने फोटोतलं अर्धं टेबल गळून पडतं. मॅकरॉन अंड्याच्या पांढऱ्या बलकावर उभं असतं, शिवाय त्याला कोरडी हवा लागते. जून ते सप्टेंबर धारवाडच्या हवेत पापडसुद्धा मऊ पडतो, तिथे मॅकरॉनचं काय घेऊन बसलात! आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकं विचारत नाहीत, पण विचारायला हवी. मूस, चीजकेक, पुडिंग घट्ट करायला सर्रास जिलेटिन वापरतात आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ‘एगलेस’ म्हणजे शाकाहारी असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. विकणाऱ्यांतही आहेत, हे वाईट.

आमच्याकडे जिलेटिनच्या जागी अगर-अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास. ते समुद्री शेवाळापासून काढतात. पण त्याचा स्वभाव अगदी उलटा. जिलेटिन जेमतेम अंगाच्या उष्णतेलाच विरघळतं, म्हणून तोंडात घातलं की गायब होतं, आणि मे महिन्यात टेबलावरही गायब होतं. अगर एकदा धरलं की जवळजवळ 85 अंशांपर्यंत वितळत नाही. मांडवात ते तग धरतं, पण करताना रडवतं.

शुक्रवारी रात्री जाऊ पेढा-चीजकेकचे ग्लास करते, ते बघण्यासारखं असतं. परदेशी क्रीम चीज महाग, म्हणून चक्का. दोन तास आधी तो फ्रीजबाहेर काढून ठेवलेला असतो. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ग्लासांच्या तळाशी दाबून झालेला असतो. मग छोट्या पातेल्यात पाणी आणि अगरची पूड. ते नुसतं गरम करून भागत नाही, दोन-तीन मिनिटं खळखळून उकळावं लागतं, नाहीतर पुढे गोठतच नाही. इकडे चक्का आणि पिठीसाखर फेटून तयार. आता उकळतं पाणी एकदम चक्क्यात ओतलं तर चक्का फुटतो, आणि चक्का थंड असेल तर अगर पडल्या पडल्या गोठून रव्यासारख्या कण्या होतात, कारण ते चाळीस अंशांच्या खाली आलं की धरायला लागतं, फ्रीजचीही वाट बघत नाही. म्हणून ती आधी दोन डाव चक्का पातेल्यात घेते, घोटते, तो कोमट झाला की उरलेल्यात मिसळते. त्यानंतर बोलायचं नाही. मिश्रण कोनात भरून एकामागून एक ग्लास भरायचे. शेवटच्या दहा ग्लासांना कोन जड जायला लागतो, तेव्हा ती गरम पाण्यात बुडवलेलं फडकं कोनाभोवती गुंडाळते. ही युक्ती कुठल्या व्हिडिओत नव्हती. सासूबाईंनी सांगितली, आणि त्या आयुष्यात चीजकेकच्या वाटेला गेलेल्या नाहीत.

वरून पेढ्याचा चुरा, पण तो दुसऱ्या दिवशी, हॉलमध्ये पोचल्यावर. रात्रीच टाकला तर पेढ्याभोवतीची साखर ओल ओढून घेते आणि सकाळी वर तपकिरी पाणी दिसतं.

पेढा आम्ही घरी करत नाही, करायचा विचारही नाही. उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने इथे पेढा सुरू केला आणि लाइन बाजारातल्या बाबूसिंग ठाकूरांच्या दुकानाने त्याला नाव दिलं. पुढे मिश्रांचा पेढा गावोगाव पोचला. धारवाड पेढ्याला जीआय मानांकनही आहे. खवा साखरेबरोबर मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतत राहणं हे एखाद्या हौशी स्वयंपाकघराचं काम नव्हे, आणि या गावात पेढ्यात कुणाशी स्पर्धा करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. विकत आणायचा, नाव सांगून वापरायचा.

पण खरं गमक इथेच आहे, असं इतके दिवस हे टेबल लागताना-उठताना पाहून माझं मत झालंय. खवा इतका आटलेला आणि परतलेला असल्यामुळे धारवाडी पेढा फ्रीजशिवाय दिवसचे दिवस राहतो. बेळगावचा कुंदा साध्या डब्यातून प्रवास करतो. गोकाकचा करदंट म्हणजे डिंक, गूळ आणि सुकामेवा, त्याला ऊन-वारा काही करत नाही. जाऊ हल्ली टेबलाचा अर्धा भाग याच कुळातला ठेवते: करदंटाच्या छोट्या चौकोनी वड्या कागदी कपात, चॉकलेटात बुडवलेले पेढ्याचे लाडू, कुंद्याचे चमचे, नानकटाई, कागदी कोनात शंकरपाळी. फ्रीजवाले ग्लास आणि कपकेक उरलेल्या अर्ध्यात. हेस्कॉमची वीज चार तास गेली, रिक्षा अडकली, नवरदेव उशिरा आला, तरी अर्धं टेबल उभं असतं. फोटोची नक्कल करणाऱ्याचं पूर्ण टेबल फ्रीजच्या भरवशावर असतं, आणि इन्व्हर्टरवर फ्रीज चालवणारी घरं मी तरी फार पाहिली नाहीत.

चॉकलेटचंही तेच. कोको बटर असलेलं खरं चॉकलेट वापरायचं तर टेम्परिंग आलं. डार्क असेल तर 45-50 अंशांना वितळवायचं, 27-28 पर्यंत उतरवायचं, पुन्हा 31-32 वर आणायचं. माडीवरचं तापमानच 35 असेल तर 27 आणायचं कुठून? उन्हाळ्यात ती कंपाउंड वापरते, त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं आणि टेम्परिंगची भानगड नसते. डिसेंबरात खरं चॉकलेट. दर दोन ऋतूंत वेगळा.

दरावरून आठवलं. नवीन सुरू करणाऱ्या बायका इथेच बुडतात. जाऊची एक लांबट वही आहे. साठ पाहुण्यांना, मागाहून जेवण असेल तर माणशी तीन नग, म्हणजे 180. एका नगाचं सामान सरासरी 14 रुपये, ते झाले 2520. कप, पुठ्ठा, काडी, खोका मिळून नगाला 4 रुपये, म्हणजे 720. गॅस, वीज, रिक्षा 600. एकूण 3840. नगाला 45 रुपये घेतले तर 8100 येतात आणि हातात 4260 उरतात. ऐकायला झकास. मग ती पुढच्या ओळीत तास लिहिते: खरेदी, करणं, मांडणं, आवरणं, भांडी, दोघींचे मिळून एकोणीस. तासाला सव्वादोनशेच्या आत-बाहेर. वाईट नाही, पण त्यातून स्टँडची झीज, फुटलेला काचेचा घुमट आणि एकदा धुऊनही न गेलेला बीटच्या रंगाचा डाग असलेला टेबलक्लॉथ वजा करायचा. ‘घरच्या घरी करता, मग एवढे कसे?’ असं विचारणाऱ्याला ती वही दाखवत नाही, पण भावही कमी करत नाही. पहिल्या वर्षी बहिणीच्या, मैत्रिणीच्या, शेजारणीच्या ऑर्डरी सामानाच्या किमतीत करून देण्याची जी रीत आहे ना, तीच पुढे अंगावर येते. तो भाव गावभर होतो.

कागदपत्रांचं काम त्यामानाने सोपं निघालं. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांसाठी शुल्क वर्षाला 100 रुपये होतं. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो खोक्यावर छापायचा. शंभर रुपये वाचवून हे टाळणाऱ्यांचं गणित मला कळत नाही.

मांडणी हा वेगळाच खेळ. हॉलवाले टेबल नेमकं खिडकीच्या उन्हात किंवा डीजेच्या स्पीकरला चिकटून देतात. स्पीकरच्या दणक्याने केकपॉप काडीवरून हळूहळू खाली सरकतात, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. लॉनवर मुंग्या. टेबलाच्या चारही पायांशी हळदीचं कडं घालतो. सगळा माल एकदम मांडायचा नाही. निम्मा टेबलावर, निम्मा मागे खोक्यात, कारण पहिल्या दहा मिनिटांत मुलं खालची रांग साफ करतात आणि उशिरा येणाऱ्या काकांना रिकामे स्टँड दिसतात. पाट्या कन्नड आणि मराठी दोन्हींत, काजू-बदाम असलेल्यावर वेगळी खूण. क्रीमचं काहीही दोन तासांवर बाहेर राहिलं तर ते जाऊ परत कुणाला देत नाही, मे महिन्यात एकच तास. यजमानीणबाईंना राग येतो. ‘एवढं चांगलं टाकून कशाला देता?’ म्हणतात. करदंट आणि पेढे मात्र डब्यात भरून त्यांच्याच हाती देतो, मग राग उतरतो.

म्हणून कुणी असं टेबल सांगणार असाल तर फोटो जरूर पाठवा, पण सोबत चार गोष्टी लिहा: कार्यक्रम किती वाजता, टेबल कुठे लागणार, तिथे ऊन येतं का, आणि अंडं-जिलेटिन चालतं का. पाहुण्यांचा आकडा चार दिवस आधी पक्का करा. आणि स्टँड सोमवारी संध्याकाळपर्यंत धुऊन परत द्या. पुढच्या शनिवारी ते दुसऱ्या कुणाच्या बारशाला जायचे असतात.