अ‍ॅल्युम्नाय कोणाला म्हणावे?

शाळेच्या मेळाव्यात एखादा उभा राहून सांगतो, “मी इथला अ‍ॅल्युम्नाय.” एकट्याने असे म्हणू नये, ते अनेकवचन झाले. एक मुलगा अ‍ॅल्युम्नस, एक मुलगी अ‍ॅल्युम्ना. मूळ लॅटिन धातूचा अर्थ पोसणे. तेव्हा अ‍ॅल्युम्नस म्हणजे पोसलेला, वाढवलेला. परीक्षा पास होण्याची अट त्यात नाही. म्हणून गुरुजी, चौथीत शाळा सुटलेल्या बाईलाही मेळाव्याचे बोलावणे धाडा.

मुक्ताईनगरकरांना हे उमगायला वेळ लागू नये. वयोवृद्ध चांगदेवांनी कोवळ्या मुक्ताईला गुरू केले, अशी परंपरा आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर आहेच. त्या अर्थाने चांगदेव मुक्ताईचे अ‍ॅल्युम्नस! आपण ‘माजी विद्यार्थी’ म्हणतो खरे, पण त्यातला ‘माजी’ मला जरा कोरडा वाटतो.