हिवाळ्यात खुडलेला चहा

नाताळच्या सुट्टीत चहाचं आधण दिवसातून कितीदा चढतं याला गणती नसते. मुलं घरी, पाहुणे घरी, पहाटे अंगावरची रजई निघत नाही. पण त्या पातेल्यात पडणारी चहाची पावडर बहुतेक वेळा उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात खुडलेल्या पानांची असते. आसाम आणि दार्जिलिंगचे मळे डिसेंबरात बंद पडलेले असतात, झुडपांची छाटणी चालू असते. नेमक्या याच दिवसांत दक्षिणेत नीलगिरीच्या उतारांवर मात्र खुडणी सुरू असते, आणि माझ्या मते तिथला वर्षातला सर्वांत सुगंधी चहा याच थंडीत तयार होतो. सुट्टीसाठी एखादा नवा चहा घ्यायचा असेल, तर मी आधी याचं नाव घेईन.

उत्तरेतले मळे झोपतात आणि नीलगिरीतले जागे राहतात, याचं कारण केवळ थंडी नाही. दिवसाची लांबी हेही मोठं कारण आहे. चहाच्या अभ्यासकांचा ढोबळ हिशेब असा, की दिवस सव्वाअकरा तासांहून लहान झाला आणि सहाएक आठवडे तसाच राहिला, तर झुडूप नवी पालवी फोडणं थांबवतं. आसाममधलं जोरहाट २७ अंश अक्षांशाच्या जवळपास आहे; तिथे डिसेंबरअखेरचा दिवस साडेदहा तासांच्या आसपास भरतो. मुंबईत तो सुमारे अकरा तासांचा. नीलगिरीतलं कुन्नूर ११ अंशांवर असल्यामुळे तिथला सर्वांत लहान दिवसही साडेअकरा तासांच्या आगेमागे राहतो. म्हणून तिथलं झुडूप पुरतं झोपत नाही. रात्री हाडं गोठवणारी थंडी, दिवसा लख्ख ऊन, आणि त्यात पालवी येते ती अगदी सावकाश.

या सावकाशीतच चव आहे. चहाच्या पानात लिनालूल, जिरॅनिऑल अशी फुलांच्या वासाची द्रव्यं असतात, पण ताज्या पानात त्यांतली बरीचशी साखरेच्या रेणूंना जखडलेली असतात. पान चुरगळून हुंगलं तरी वास येतो तो हिरवट. खुडलेलं पान पसरून सुकवायला ठेवलं आणि मग वळलं, की पेशी फुटतात, पानातली विकरं मोकळी होतात आणि ही बंधनं तोडतात. त्याच वेळी दुसरं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने पानातल्या कॅटेचिनांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनवतं. पहिल्याने चहाला तजेला येतो, दुसऱ्याने गडद रंग आणि भरीवपणा. थंडीत हळूहळू वाढलेल्या कोवळ्या पानात सुगंधाचा साठा दाट असतो, म्हणून या चहाला फुलांचा वास येतो. या चहाला इंग्रजीतून मिळालेल्या ‘फ्रॉस्ट टी’ या नावावरून पानांवर हिम पडत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात हिमाने पान करपतं आणि मळेवाल्याचं नुकसान होतं. चहाला हवी असते ती हिमाच्या अलीकडची थंडी.

असा चहा दूध घालून उकळू नये, असं मी आग्रहाने सांगेन. हा सुगंध वाफेबरोबर उडून जाणारा असतो. शिवाय दुधातलं केसिन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं. त्यामुळे तुरटपणा जातो तसा नाजूक चवीचा बारकावाही जातो. उकळी फुटलेलं पाणी पानांवर ओतावं, झाकण ठेवून तीनचार मिनिटं मुरू द्यावं आणि गाळावं. महाबळेश्वरला सुट्टी घालवत असाल तर थोडं जास्त थांबा: सुमारे १३५० मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पानातलं सत्त्व हळू उतरतं. उटीला तर ते ९३ अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतं.

याचा अर्थ आपला उकळलेला दुधाचा चहा कमी दर्जाचा, असं मुळीच नाही. १९३०च्या दशकात आसाममध्ये विल्यम मॅकर्चर यांनी पानं चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणे करणारं सीटीसी यंत्र आणलं. त्या दाण्यातून रंग आणि तुरटपणा झटकन उतरतो, आणि दुधाला पुरून उरायला तोच लागतो. पहाटेच्या थंडीत आलं घातलेला सीटीसी चहाच हवा. फक्त आलं पाण्यात आधी उकळून घ्यावं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं आणि ते साठ अंशांच्या आसपास जोमाने काम करतं. कोमट दुधात आलं किसून टाकलं की दूध नासतं ते यामुळे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसाने दूध घट्ट करतात आणि गोड पदार्थ म्हणून खातात. पाणी खळखळून उकळलं की हे विकर निकामी होतं, मग दूध निर्धास्त घालावं.

रात्रीच्या गप्पांना मात्र वेगळं पेय हवं. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला प्रौढ माणसाला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकरालाही अंगात असतं. गवती चहा हे चहाचं झाड नव्हे, गवत आहे. त्याचा लिंबासारखा वास सिट्रलमुळे येतो आणि त्यात कॅफीन नसतं. पण आपण तो बहुधा चहा पावडरीसोबतच उकळतो, मग झोप उडणारच. रात्री नुसती पात, आलं आणि थोडा गूळ पुरे.

दोन गोष्टी काळजीपोटी सांगतो. जेवणाला लागून चहा घेतला तर धान्य-भाज्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. घरातल्या रक्त कमी असलेल्या बायकामुलींनी तरी जेवणानंतर तासभर थांबावं. आणि थंडीत वाफाळता घोट घेण्याचा मोह आवरावा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयांना संभाव्य कर्करोगकारक ठरवलं. कपात ओतल्यावर जरा थांबलं की झालं.

नीलगिरीचा चहा घेताना पाकिटावर खुडणीचा महिना पाहा. डिसेंबरात खुडलेला चहा दुकानात यायला वेळ लागतो, त्यामुळे नाताळात मिळेल तो बहुधा गेल्या हिवाळ्याचा. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि मसाल्यांपासून दूर ठेवलेला असेल तर तोही चांगला लागतो. यंदाचा ताजा हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा दुकान गाठा आणि शंभर ग्रॅमच घ्या, कारण डबा उघडल्यापासून वास कमी होऊ लागतो.