सेडान नको, एसयूव्ही नको? मग कॉम्बी पाहा!



नव्या गाडीचा विषय निघाला की आपल्या घरांत दोनच पक्ष असतात: सेडान आणि एसयूव्ही. तिसरी एक जात आहे, स्टेशन वॅगन. छप्पर शेवटपर्यंत सरळ, मागे डिकीच्या जागी मोठा दरवाजा. तिच्यातल्या एका गाडीचा महाराष्ट्राशीही संबंध आहे, म्हणून तरुण मंडळींसाठी ही ओळख.

स्कोडा कंपनीचे मूळ 1895 सालचे. व्हाक्लाव लॉरिन आणि व्हाक्लाव क्लेमेंट या दोघांनी म्लाडा बोलेस्लाव गावात सायकलींपासून सुरुवात केली. 1959 मध्ये कंपनीने ऑक्टाव्हिया आणली. लॅटिन भाषेत या नावाचा अर्थ आठवी, म्हणजे आपल्या 'अष्टमी'ची लांबची बहीणच! 1961 पासून क्वासिनीच्या कारखान्यात तिची वॅगन बनू लागली, ती ऑक्टाव्हिया कॉम्बी. लांबी जेमतेम 4 मीटर, इंजिन 1221 सीसी. मागचा दरवाजा दोन भागांत उघडे, अर्धा वर आणि अर्धा खाली.

गंमत पुढे आहे. 1964 मध्ये स्कोडाची नवी 1000 एमबी आली आणि साधी ऑक्टाव्हिया बंद झाली. पण नव्या गाडीचे इंजिन मागे होते. जिथे सामान ठेवायचे तिथेच इंजिन, मग वॅगन करणार कशी? म्हणून जुनी कॉम्बी 1971 पर्यंत बनत राहिली. सामानाच्या जागेने तिला आणखी सात वर्षे आयुष्य दिले.

1996 मध्ये ऑक्टाव्हिया हे नाव परत आले. 2001 मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचे औरंगाबाद) शेंद्र्याला भारतातली ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. पुढे कॉम्बीही इथे विकली गेली, पण फार चालली नाही. आपल्याकडे वॅगन म्हटले की लोकांना मालगाडी किंवा रुग्णवाहिका आठवते!

आमच्याकडे अशीच एक जुनी कॉम्बी आहे. उज्जैनहून सेंधवा, धुळे, कन्नड घाट करत आत्याकडे जाताना पाच माणसे, बॅगा, रतलामी शेवेचे डबे आणि परतताना केशर आंब्यांच्या पेट्या, सगळे मावते. यंदा नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. मुलगा म्हणाला, "बाबा, आता काढू या." सुटे भाग मिळायला त्रास होतो, त्याचे म्हणणे खोटे नाही. पण 2028 च्या सिंहस्थाला पाहुणे येणार, त्यांना स्टेशनवरून आणायला हिच्यासारखी दुसरी नाही. तेव्हा फिटनेस तपासणीत पास झाली तर ठेवायची, नाही तर हट्ट नाही, असे ठरले आहे.

तुम्ही नवी गाडी घ्याल तेव्हा एवढेच करा: शोरूममध्ये बॉनेटआधी मागचा दरवाजा उघडून बघा. आजीची व्हीलचेअर आणि सगळ्यांच्या बॅगा एकत्र बसतात का ते पाहा, आणि मगच रंग निवडा.