टाळूच्या वरचा मजला

जीभ टाळूला लावून पाहा. जिभेला लागते ते तोंडाचे छत, पण हाडाची तीच पातळ फळी नाकाची जमीनही असते. त्यामुळे वरचा जबडा अरुंद आणि टाळू कमानीसारखा उंच असला, की वरच्या मजल्यावरही बहुधा दाटी होते. हवेला थोडीशी दाटीही महाग पडते: सरळ नळीतून संथ वाहणाऱ्या हवेची वाट त्रिज्येत 10 टक्क्यांनी घटली, तर अडथळा दीडपट होतो. नाक काही सरळ नळी नव्हे, पण हिशेबाची दिशा तीच.

कोणी म्हणेल, हे उलटेच आहे: आधी नाक चोंदते, मूल तोंडाने श्वास घेते, जीभ खाली राहते आणि मग टाळू अरुंद होतो. आक्षेप पोकळ नाही. संशोधक एगिल हारवोल्ड यांनी माकडांच्या नाकपुड्या बंद केल्या, तेव्हा त्यांच्या जबड्यांची ठेवण खरोखर बदलली. मात्र प्रत्येकाची वेगळ्या तऱ्हेने. तरीही जबड्याचा वाटा उरतोच. टाळूच्या मधोमध दोन हाडांची शिवण असते. वाढत्या वयात टाळूला बसवलेल्या यंत्रातल्या स्क्रूची चावी रोज थोडी फिरवली, की ही शिवण उसवते, पुढच्या दोन दातांत फट पडते आणि नाकाचा तळही काहीसा रुंदावतो. ही युक्ती 1860 सालची, दंतवैद्य इमर्सन एंजेल यांची. तिने नाकातला अडथळा सरासरीने घटतो, पण सगळ्यांचा नाही. नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी वाढलेल्या असतील तर बिचारा स्क्रू काय करणार? दातांची गरज नसताना निव्वळ श्वासासाठी जबडा रुंदावणे मला घाईचे वाटते. मूल रोज तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि दंतवैद्याकडे जायला मिसरूड फुटायची वाट पाहू नका.